संकटात नगरपालिकेला थेट मदत : बाजाराशी तिचा संबंध काय?

शहराची तिजोरी रिकामी झाली की त्याची झळ फक्त नगरपालिकेला बसते, असा अनेकांचा समज आहे. व्यापारी बांधवांनी तो मनातून काढून टाकावा. नगरपालिका ही गावातली मोठी मालक आणि मोठी गिऱ्हाईकही असते. तिच्या कर्मचाऱ्यांचा पगार बाजारात खर्च होतो आणि तिचे काम ठेकेदाराला मिळते. हा संबंध समजण्यासाठी आम्ही अमेरिकेचे उदाहरण घेत आहोत.

तेथे बहुतेक ठिकाणी नगरपालिकेला चालू अंदाजपत्रक समतोल ठेवावे लागते. केंद्राप्रमाणे तूट सोसून दैनंदिन खर्च चालविता येत नाही. त्यामुळे मंदीत कर घटला की नोकरकपात होते आणि रस्त्याची कामे थांबतात. परिणामी मंदी अधिकच वाढते. 2008 च्या मंदीनंतर राज्य व स्थानिक संस्थांतील नोकऱ्यांची संख्या पूर्वपदावर यायला सुमारे दहा वर्षे लागली.

2020 मध्ये कोरोना आला आणि काही आठवड्यांत अशा सुमारे 15 लाख नोकऱ्या गेल्या. त्या वर्षी केंद्राने 150 अब्ज डॉलर दिले. पण थेट रक्कम राज्यांना व पाच लाखांवर वस्ती असलेल्या स्थानिक संस्थांनाच मिळाली. शिवाय बुडालेल्या कराची भरपाई त्यातून करता येत नव्हती. म्हणजे खरे दुखणे तसेच राहिले.

मार्च 2021 च्या कायद्याने ही उणीव भरून काढली. एकूण 350 अब्ज डॉलरपैकी 65.1 अब्ज कौंटींना (म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यांसारख्या विभागांना), 45.57 अब्ज मोठ्या शहरांना आणि 19.53 अब्ज लहान गावांना ठेवले गेले. कौंटी व मोठ्या शहरांचा पैसा थेट त्यांच्याकडे गेला. लहान गावांचा राज्यामार्फत गेला, पण लोकसंख्येच्या प्रमाणात तो वाटणे राज्यांवर बंधनकारक होते.

बुडालेले उत्पन्न, आरोग्य, आवश्यक सेवेतील कामगारांना जादा वेतन, पाणी, गटारे व इंटरनेट जोडणी यांवर खर्चाची मुभा होती. पेन्शन निधीत भरणा करण्यास मनाई होती. 2022 च्या अंतिम नियमांनी एक कोटी डॉलरपर्यंतचे उत्पन्न किचकट हिशेबाशिवाय बुडाले असे धरण्याची सवलत दिली. लहान गावांना तिचा मोठा आधार झाला. कामे 31 डिसेंबर 2024 पर्यंत ठरवायची आणि पैसा 31 डिसेंबर 2026 पर्यंत खर्चायचा, अशी मुदत होती.

या योजनेवर टीकाही झाली. कर वसुली भीतीपेक्षा लवकर सावरली, म्हणून काही ठिकाणी गरजेपेक्षा जास्त पैसा गेला. दुसरा धोका मोठा आहे. एकदाच मिळणाऱ्या पैशातून कायमचा खर्च सुरू केला, तर मदत संपताच तूट उभी राहते.

आपल्याकडे घटनेच्या 73 व 74 व्या दुरुस्तीने स्थानिक संस्थांना मान्यता मिळाली. परंतु वित्त आयोगाने सुचविलेले केंद्राचे अनुदान राज्यामार्फतच येते. म्हणून आम्हाला वाटते की रक्कम किती, यासोबत ती किती दिवसांत गावात पोहोचली हेही वाचकांनी विचारावे. उशिरा आलेली मदत बंद पडलेले दुकान उघडत नाही.