आठ जणांचे बळ किती?

काटक्यांच्या जुडीची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. एकटी काटकी सहज मोडते, जुडी मोडत नाही. गोष्ट खरी आहे, पण काटक्यांपुरती. माणसांची जुडी बांधली आणि तिचे बळ मोजले, तर उत्तर जरा वेगळे येते.

मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी-अभियंत्याने 1882 ते 1887 या काळात ओढण्या-ढकलण्यासारख्या कामांत माणसांची ताकद मोजली. 1913 साली त्याने आकडे प्रसिद्ध केले. एकट्याने काम करताना माणूस लावतो ते बळ 100 धरले, तर दोघे असताना प्रत्येकाचे बळ 93 भरते, चौघे असताना 77 आणि आठ जण असताना अवघे 49. म्हणजे आठ जण मिळून चौघांइतकेही बळ लावत नाहीत! मग उरलेले बळ जाते कुठे?

ते दोन ठिकाणी गळते. पहिली गळती समन्वयाची. सर्वांचा जोर एकाच क्षणी, एकाच दिशेने लागत नाही. जड यंत्र हलवणारे हमाल ‘हैशा’ची आरोळी देतात ती याचसाठी. दुसरी गळती मनाची. सोबत चार जण आहेत म्हटल्यावर प्रत्येक जण नकळत थोडा सैलावतो.

या दोन गळत्या वेगळ्या कशा करायच्या? अमेरिकेत 1974 साली इंगहॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. डोळे बांधलेल्या माणसाला दोराच्या पुढच्या टोकाला उभे केले आणि मागे आणखी माणसे ओढत आहेत असे भासवले. प्रत्यक्षात मागचे कोणीच ओढत नव्हते. समन्वयाचा प्रश्नच नव्हता, तरीही जोर कमी पडला. या प्रकाराला पुढे ‘सामाजिक आळस’ असे नाव मिळाले. 1981 साली विल्यम्स, हार्किन्स आणि लाताने यांनी ओरडण्याच्या आवाजावर प्रयोग केले. प्रत्येकाचा आवाज स्वतंत्रपणे मोजला जात आहे हे कळताच सैलपणा नाहीसा झाला. तेव्हा दोष माणसाच्या स्वभावापेक्षा अधिक त्याचा वाटा न दिसण्याचा आहे.

हे सर्व आठवण्याचे कारण म्हणजे अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहती आणि उल्हासनगरमधले असंख्य छोटे कारखाने. उल्हासनगर हे मुळात कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांचे गाव; 1949 साली त्याला हे नाव मिळाले. आज या पट्ट्यात एकाच खात्यात मराठी, सिंधी, हिंदी बोलणारी माणसे शेजारी शेजारी उभी असतात आणि पाळी बदलली की सोबतीही बदलतात. माणसे जोडली जावीत म्हणून वर्षातून एकदा सहल काढण्याची पद्धत आता बरीच रूढ आहे. सहल चांगलीच, पण वरच्या दोन गळत्या बुजवायला पाळीच्या सुरुवातीची दहा मिनिटेही उपयोगी पडतात. त्यासाठी तीन खेळ सुचवतो. वर्गात आणि शिक्षकांच्या खोलीतही ते करता येतील.

पहिला खेळ पुड्यांचा. पाच-सहा जणांच्या गटाला रद्दी द्या. दोन मिनिटांत कागदाच्या जास्तीत जास्त पुड्या बांधून सर्वांनी एकाच खोक्यात टाकायच्या. नंतर पुन्हा दोन मिनिटे. या वेळी प्रत्येकाने आपल्या पुड्या आपल्यासमोर ठेवायच्या. दोन्ही वेळच्या बेरजा फळ्यावर लिहा. येथे एक सावधगिरी हवी. दुसऱ्या वेळी हात सरावलेला असतो, म्हणून निम्म्या गटांकडून हाच खेळ उलट्या क्रमाने करून घ्या. त्याशिवाय फरक सरावाचा की वाटा दिसण्याचा, हे सांगता येणार नाही. प्रयोगात तुलना कशी करावी, हा धडा विद्यार्थ्यांना आयताच मिळतो.

दुसरा खेळ नळीचा. विजेच्या वायरिंगसाठी वापरतात तशी प्लॅस्टिकची हलकी, लांब नळी घ्या. दहा जणांनी समोरासमोर दोन रांगांत उभे राहून दोन्ही हातांच्या तर्जन्या आडव्या धरायच्या आणि त्यांवर नळी ठेवायची. नियम एकच : कोणाचेही बोट नळीपासून सुटता कामा नये. आता नळी जमिनीवर उतरवा. बहुतेक वेळा ती खाली जाण्याऐवजी वर चढू लागते, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याकडे रागाने पाहू लागतो!

यात भुताटकी नाही. समजा, नळीचे वजन 300 ग्रॅम आहे. वीस बोटांत वाटले तर एका बोटाच्या वाट्याला 15 ग्रॅम येतात, म्हणजे दहा रुपयांची दोन नाणी. इतका हलका स्पर्श टिकवताना प्रत्येक जण थोडा जास्तच जोर लावतो. या थोड्या-थोड्या जोरांची बेरीज वजनापेक्षा जास्त झाली की नळी वर जाते. ज्यांची बोटे सुटू लागतात ते ती गाठायला बोटे आणखी वर नेतात, आणि चूक स्वतःलाच वाढवत जाते. येथे आळशी कोणीच नाही. प्रत्येक जण नियम पाळतो आहे, आणि काम मात्र उलट होते आहे. एकाने आकडे मोजावेत आणि सर्वांनी त्या तालावर गुडघे वाकवावेत, की नळी उतरते.

तिसरा खेळ पाठमोऱ्या चित्राचा. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचे. एकाजवळ एकमेकांना टेकलेल्या पाच आयतांची आकृती. त्याने ती शब्दांत सांगायची आणि दुसऱ्याने काढायची. पहिल्या फेरीत प्रश्न विचारायला बंदी, दुसऱ्या फेरीत नवी आकृती आणि प्रश्नांना मोकळीक. 1951 साली लेविट आणि म्यूलर यांनी असाच प्रयोग केला होता. प्रश्न विचारू दिल्यावर वेळ जास्त लागला, पण आकृत्या अधिक अचूक आल्या.

हा ‘जास्तीचा वेळ’ किती मोलाचा असतो, हे उत्तर समुद्रातील ‘पायपर अल्फा’ या तेलमंचावर 6 जुलै 1988 रोजी दिसले. एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीसाठी काढलेली होती. ही गोष्ट रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोहोचली नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच पंप सुरू केला. वायू गळला, स्फोट झाले आणि 167 माणसे मृत्युमुखी पडली. आपल्या पट्ट्यातही रसायनांचे कारखाने आहेत आणि पाळी रोज बदलते. जाणाऱ्याने सांगावे, येणाऱ्याने तेच आपल्या शब्दांत परत सांगावे, शंका असल्यास विचारावे, ही सवय पाठमोऱ्या चित्राच्या खेळातून लागू शकते. नव्या हेल्परला वरिष्ठांना प्रश्न विचारण्याचे धाडस होत नाही. खेळात ते होते. म्हणून एका फेरीत सुपरवायझरने चित्र काढावे आणि हेल्परने सांगावे.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. ज्यांना वाकता येत नाही त्यांना नळीच्या खेळात मोजणी द्यावी. कोणाचे हसे होईल असा खेळ नसावा. आणि खेळानंतर पाच मिनिटे ‘काय झाले, का झाले, कामावर असे कुठे होते?’ यावर बोलावे. हे बोलणे वगळले तर उरते ती नुसती करमणूक. अपुरी मजुरी किंवा नादुरुस्त यंत्र यांवर अर्थातच कोणताही खेळ उपाय नाही. ती कामे व्यवस्थापनाचीच.

शिक्षकांना एक विनंती आहे. पुड्यांचा खेळ तीन, सहा आणि नऊ जणांच्या गटांत करून पाहा आणि दरडोई पुड्यांचा आलेख विद्यार्थ्यांकडून काढून घ्या. रिंगेलमनचे आकडे ओढण्या-ढकलण्याच्या कामांचे होते; हातांच्या हलक्या कामात उतार तितकाच येतो की कमी, हे तुमच्या वर्गाला स्वतःच शोधता येईल.