एका प्रदेशाची तीन नावे

पूर्व आफ्रिकेच्या कोणत्याही बऱ्या नकाशात इथिओपिया व सोमालिया यांच्यामधील सीमारेषेचा दक्षिणेकडील भाग तुटक छापलेला आढळतो. ही छपाईची चूक आहे काय, असे माझ्या एका विद्यार्थ्याने मध्यंतरी विचारले. ती चूक नव्हे. १९५० साली ब्रिटिशांनी आखलेली ती ‘तात्पुरती प्रशासकीय रेषा’ होय. पाऊणशे वर्षे लोटली तरी तिचे तात्पुरतेपण संपलेले नाही. त्या रेषेच्या पश्चिमेस जो विस्तीर्ण, शुष्क, उंट व शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्यांचा मुलूख पसरला आहे, त्याला कोणत्या नावाने संबोधावे हाही वाद तितकाच अनिर्णित राहिला आहे. ओगादेन, पश्चिम सोमालिया आणि सोमाली प्रदेश ही त्याची तीन नावे, आणि प्रत्येक नावामागे मालकीचा एक दावा उभा आहे.

‘ओगादेन’ हे मूळचे स्थलनाम नव्हे. सोमाली लोकांतील दारोद या मोठ्या कुळाच्या एका शाखेचे ते नाव. ही शाखा संख्येने मोठी खरी. तथापि उत्तरेकडे इसा, गडबूरसी, इसाक अशी इतर कुळेही पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. युरोपीय नकाशांतून हे एका शाखेचे नाव साऱ्या मुलखावर पसरले. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘ओगादेन राष्ट्रीय मुक्ती आघाडी’नेही तेच धारण केले, तेव्हा इतर कुळांच्या मनात साहजिकच प्रश्न आला, की मुक्ती नेमकी कोणाची?

‘पश्चिम सोमालिया’ हे नाव राजकारणातून आले. १ जुलै १९६० रोजी ब्रिटिश व इटालियन वसाहती एकत्र येऊन सोमाली प्रजासत्ताक जन्मास आले. त्याच्या ध्वजावरील पंचकोनी ताऱ्याचा एक कोन या मुलखासाठी राखलेला होता. वसाहतकालीन सीमा जशाच्या तशा मान्य कराव्यात, असा ठराव आफ्रिकी ऐक्य संघटनेने १९६४ साली कैरोत केला. सोमालियाने तो मानला नाही. जुलै १९७७ मध्ये सोमाली सैन्य इथिओपियात घुसले आणि सप्टेंबरात जिजिगा शहर पडले. परंतु रशियाने आपले वजन इथिओपियाच्या पारड्यात टाकले, क्यूबाचे सैनिक रणांगणात उतरले आणि मार्च १९७८ मध्ये सोमालियाला माघार घ्यावी लागली. लक्षावधी माणसे निर्वासित झाली. भाषा व धर्म एक असल्याने एकत्र यावेसे वाटणे समजण्यासारखे आहे. पण एखाद्या मुलखाला दुसऱ्या देशाची ‘पश्चिम बाजू’ म्हटले की तेथील माणसाचे स्वतःचे मत विचारण्याचे कारणच उरत नाही.

अर्थात इथिओपियाचा दावाही लोकांना विचारून उभा राहिलेला नाही. सम्राट मेनेलिकने १८८७ साली हरार जिंकले आणि त्यानंतर त्याचे सैन्य सोमाली मुलखात उतरत गेले. १८९७ साली ब्रिटिश दूत रेनेल रॉड याने त्याच्याशी तह केला आणि हौद या पठारी कुरणांचा मोठा भाग इथिओपियाकडे सोडून दिला. ही कुरणे म्हणजे तेथील अर्थव्यवस्थेचा कणाच. पाऊस पडला की किनाऱ्याकडील कुळे आपली जनावरे घेऊन हौदवर चढतात आणि पाणी आटले की विहिरींकडे परततात. दोन्ही बाजूंच्या पशुपालकांनी परस्परांच्या कुरणांत जावे अशी सवलत तहात होती. सवलत मिळाली, हक्क मात्र गेला. आपल्याकडील वाचकांना ठाऊक नसेल, पण त्या काळी ब्रिटिश सोमालीलँडचा कारभार एडनमार्फत चाले आणि एडन होते मुंबई इलाख्यात! १९५४ च्या कराराने ब्रिटिशांनी हौदचा उरलेला ताबाही सोडला. हर्गेसात निदर्शने झाली, शिष्टमंडळे लंडनला व संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेली. उपयोग झाला नाही.

तिसरे नाव १९९१ नंतरचे. लष्करी राजवट कोसळल्यावर इथिओपियाने वांशिक संघराज्याचा मार्ग धरला आणि या मुलखाला प्रथम ‘पाचवा विभाग’ व पुढे ‘सोमाली प्रदेश’ म्हटले जाऊ लागले. १९९५ च्या राज्यघटनेतील ३९ व्या कलमाने फुटून निघण्याचा हक्कदेखील दिला. कागद आणि बंदूक यांतील अंतर मात्र कायम राहिले. एप्रिल २००७ मध्ये मुक्ती आघाडीने अबोले येथील तेलशोधाच्या तळावर हल्ला करून सत्तरांहून अधिक माणसे मारली, त्यांत नऊ चिनी होते. त्यानंतर सैन्याने खेड्यांवर जी कारवाई केली, व्यापाराची जी नाकेबंदी केली, तिची झळ निःशस्त्र जनतेने सोसली. शांतता करार झाला तो २०१८ साली, अस्मारा येथे.

तिन्ही नावांत ‘सोमाली प्रदेश’ हेच मला त्यातल्या त्यात न्याय्य वाटते. ते एका कुळाचे नव्हे आणि परक्या राजधानीचेही नव्हे. पण त्याचीही किंमत आहे. वंशाच्या नावाने प्रांत पाडले की प्रांतांमधील रेषाही वंशाची होते. पश्चिमेस ओरोमो व सोमाली पशुपालक एकाच विहिरीवर पाणी पाजत, एकमेकांची भाषा बोलत, सोयरिकी करीत. २००४ साली सरहद्दीवरील चारशेहून अधिक वस्त्यांत सार्वमत घेऊन कोण कोणत्या प्रांतात हे ठरविण्याचा प्रयत्न झाला. २०१७ साली त्याच पट्ट्यात हिंसाचार उसळून दोन्ही समाजांतील लक्षावधी लोक बेघर झाले.

नकाशा काहीही म्हणो, बाजार आपल्या वाटेने जातो. येथील जनावरे बर्बेरा बंदरातून अरबस्तानात जातात आणि त्याच वाटेने तांदूळ, साखर, कापड जिजिगाच्या पेठेत येते. अदिस अबाबाचे जकात खाते यातील बऱ्याच व्यवहाराला चोरटा व्यापार म्हणते. व्यापाऱ्याच्या लेखी हा आजोबांपासूनचा धंदा आहे.

आता या मुलखाच्या पोटातील नैसर्गिक वायूची भर पडली आहे. कालूबचे साठे १९७० च्या दशकातच सापडले होते. २०२५ च्या ऑक्टोबरात तेथील प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. त्या उत्पन्नातील किती हिस्सा जिजिगाला मिळणार आणि जिजिगाहून तो विहिरीवरच्या उंटवाल्यापर्यंत कसा पोहोचणार, हा यापुढचा खरा तंटा आहे. गंमत अशी की, सरकारी कारभारातून जे नाव तीस वर्षांपूर्वी हद्दपार झाले, ते भूगर्भशास्त्राने जपून ठेवले आहे. वायूविषयीच्या कागदपत्रांत या साऱ्या भूमीचा उल्लेख अजूनही ‘ओगादेन खोरे’ असाच होतो.