खोक्यावरचा आकडा आणि आतले दाते

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात मन्सी नावाचं एक मध्यम आकाराचं गाव आहे. मोटारींच्या गिअरबॉक्सच्या इतिहासात या गावाला मोठं स्थान आहे, कारण तिथे या कामाचे दोन मोठे कारखाने होते. एक वॉर्नर गिअरचा. ही कंपनी १९२८ मध्ये बोर्ग-वॉर्नरमध्ये सामील झाली. दुसरा जनरल मोटर्सचा. आपल्याकडच्या जुन्या जीपमध्ये तीन गिअरांचा जो टी-९० गिअरबॉक्स असे, तो मुळात या वॉर्नर गिअरचा. म्हणजे ज्यानं कधी जुन्या जीपचा गिअर टाकला असेल, त्याचा मन्सीशी नकळत संबंध आलेला आहे.

पण आज बोलायचं आहे ते दुसऱ्या कारखान्यातल्या गिअरबॉक्सविषयी. १९६३ ते १९७४ या काळात जनरल मोटर्सनं तिथे चार गिअरांचा एक गिअरबॉक्स बनवला. कॉर्व्हेट, कॅमारो, शेव्हल, पॉन्टियाक जीटीओ अशा दमदार गाड्यांत तो बसला. गावाच्या नावावरून त्याला ‘मन्सी’च म्हणतात. त्याचे तीन प्रकार : एम-२०, एम-२१ आणि एम-२२. बाहेरून तिघांचं रूप सारखंच. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. एम-२२ शर्यतीसाठी, थोड्याच संख्येनं बनला, म्हणून त्याला हौशी लोक मागाल ती किंमत देतात. आणि जिथे पैसा, तिथे लबाडी आलीच.

आधी हा मन्सीच आहे ना, हे पाहावं. त्याचं खोकं अॅल्युमिनियमचं. बाजूचं झाकण सात बोल्टांनी बसवलेलं, त्यावर गिअर बदलायचे दोन दांडे, आणि रिव्हर्सचा तिसरा दांडा मागच्या शेपटीसारख्या भागावर. झाकणाला नऊ बोल्ट असतील तर तो वॉर्नर गिअरचा टी-१० समजावा. खोकं बिडाचं आणि तिन्ही दांडे झाकणावरच असतील, तर तो सॅगिनॉ. इथपर्यंत सोपं आहे.

आता आकडे. जुन्या गिअरबॉक्सवर दोन तऱ्हेचे आकडे असतात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला उठावाचा. साच्यातच तो उलटा कोरलेला असतो, त्यामुळे धातू ओतला की खोक्याबरोबरच जन्माला येतो. दुसरा ठोक्याचा. गिअरबॉक्स जोडून झाल्यावर पोलादी पंच आणि हातोडीनं उमटवलेला, म्हणून आत गेलेला. उठावाचा आकडा सहसा खोटा करता येत नाही. ठोक्याचा मात्र ज्याच्याकडे अक्षरांचे पंच आहेत तो कुणीही घरी बसून मारू शकतो.

उठावाचा आकडा खोक्याच्या उजव्या अंगाला असतो, बहुधा पन्नास वर्षांच्या वंगणाखाली गाडलेला. रॉकेल आणि पितळी ब्रशनं साफ करावा. पोलादी ब्रश नको, अॅल्युमिनियम मऊ असतं. मग वरून खडू आडवा फिरवला की अंक पांढरे होऊन डोळ्यांत भरतात. ३८५१३२५ असेल तर खोकं १९६४-६५ चं. ३८८५०१० म्हणजे १९६६-६७. ३९२५६६० हे १९६८ पासूनचं आणि ३९२५६६१ सर्वांत शेवटचं. या शेवटच्या दोहोंत फरक फक्त अखेरच्या अंकाचा, तेव्हा तो नीट वाचावा.

यातून कळतं ते एवढंच, की खोकं कोणत्या काळातलं आहे. आत काय आहे, ते यातून कळत नाही. एकाच साच्यातलं खोकं तिन्ही प्रकारांना लागत असे. मन्सीबद्दलचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

माझा एक भाचा ओहायोत असतो. त्याला जुनी कॅमारो उभी करायची होती. एका विक्रेत्यानं त्याला ३९२५६६१ आकड्याचं खोकं दाखवून ‘हा एम-२२’ म्हणून भरमसाट किंमत सांगितली. भाच्यानं मला फोन केला, ‘मामा, आकडा बरोबर आहे, घेऊ का?’ मी म्हटलं, ‘आकडा बरोबरच असेल रे, पण दाते मोजलेस का?’

दाते मोजायला खोकं उघडायलाच हवं असं नाही. पहिला गिअर टाकायचा. पुढचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट, दोन्हींवर खडूची खूण करायची. मागच्याचे बरोबर दहा वेढे पूर्ण होईपर्यंत पुढचा हातानं फिरवायचा आणि त्याचे वेढे मोजायचे. १९६६ नंतरच्या एम-२० मध्ये पहिल्या गिअरचं प्रमाण २.५२ आहे, म्हणजे पंचवीस वेढे आणि वर थोडं. एम-२१ आणि एम-२२ मध्ये ते २.२०, म्हणजे बावीस. भाच्याचे पंचवीस भरले. पुढच्या शाफ्टवर गोल खाचाही दोन होत्या, आणि दोन खाचा ही एम-२० चीच खूण. एम-२१ ला एक खाच असते, एम-२२ ला एकही नसते. विक्रेत्यानं मग मुकाट्यानं एम-२० चा भाव लावला. भाच्यानं तो घेतला. रोजच्या वापराला एम-२० च बरा, असं माझं मत आहे. जड पहिल्या गिअरमुळे गाडी जागची सहज हलते.

ठोक्याचा आकडाही वाचून ठेवावा. १९६७ पासून तो असा असतो : पी९डी१२. पी म्हणजे मन्सीचा कारखाना, ९ म्हणजे १९६९, डी म्हणजे एप्रिल, १२ ही तारीख. महिन्यांची अक्षरं मेपर्यंत ए ते ई अशी सरळ येतात. पुढे जूनला एच, जुलैला के, अशा उड्या आहेत. १९६९ च्या गाड्यांपासून शेवटी आणखी एक अक्षर आलं : ए म्हणजे एम-२०, बी म्हणजे एम-२१, सी म्हणजे एम-२२. हा ‘सी’ मारायला एक पंच पुरतो, हे लक्षात असू द्यावं. आतली चाकंही या पन्नास वर्षांत कितीदा बदलली असतील!

राहता राहिला एम-२१ आणि एम-२२ मधला भेद. दोघांची प्रमाणं एकच, पुढच्या शाफ्टच्या चाकाला दातेही सव्वीसच. वेढे मोजून इथे उपयोग नाही, आणि खाच नसलेला शाफ्ट मागाहून बसवता येतो. इथे सात बोल्ट सोडून झाकण काढावंच लागतं. एम-२१ चे दाते चांगलेच तिरपे असतात. एम-२२ चे बरेच सरळ. तिरपे दाते गुपचूप चालतात, पण चाकांना बाजूला रेटतात आणि जोर वाढला की तापतात; शर्यतीत ते नको, म्हणून सरळ केले. त्याबदल्यात आवाज वाढला. एम-२२ चालताना असा घोंगावतो की त्याला ‘रॉक क्रशर’, म्हणजे खडी फोडायचं यंत्र, असं नाव पडलं. झाकण पुन्हा लावताना मधलं गॅस्केट मात्र नवं घ्यावं, जुनं गळतं.