सस्पेन्शन लिफ्ट

सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे मोटारवाहनाच्या सस्पेन्शन यंत्रणेत बदल करून चासी आणि बॉडी मूळ पातळीपेक्षा वर उचलणे होय. जीपसारख्या, खडबडीत वाटांवर चालणाऱ्या वाहनांचा तळ घासू नये, चाकांना वर-खाली होण्यास अधिक वाव मिळावा आणि मोठ्या व्यासाचे टायर बसवता यावेत, या हेतूंनी हा बदल केला जातो. लिफ्टचा प्रकार व उंची यांची निवड वाहनाची रचना, जमिनीचे स्वरूप, वाहून न्यायचे वजन आणि कायदा यांवर अवलंबून असते. परभणी जिल्ह्यासारख्या काळ्या मातीच्या प्रदेशात लिफ्टच्या उपयोगाला विशेष मर्यादा पडतात.

लाभ व मर्यादा

जमीन आणि वाहनाच्या तळाचा सर्वांत खालचा भाग यांमधील अंतरास ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. ज्या वाहनाचा मागचा आस अखंड असतो, त्यात हा भाग बहुधा आसावरील डिफरेन्शियलचा गोळा असतो. आस स्प्रिंगच्या खाली, चाकांना जोडलेला असल्यामुळे लिफ्टने तो वर जात नाही. वर जाते ती केवळ चासी. आसाची उंची चाकावर ठरते. टायरचा व्यास ५० मिलिमीटरने वाढल्यास आस त्याच्या निम्म्याने, म्हणजे २५ मिलिमीटरने वर येतो. बैलगाडीच्या मोठ्या चाकांमुळे तिचा आस जमिनीपासून उंच राहतो, तो याच नियमाने.

लिफ्टचा मुख्य लाभ कोनांमध्ये दिसतो. बांध किंवा ओढ्याचा काठ चढताना पुढचा बंपर, उतरताना मागचा भाग आणि उंचवटा ओलांडताना दोन्ही चाकांमधील पोट जमिनीला टेकण्याचा धोका असतो. चासी वर गेल्याने हे तिन्ही कोन वाढतात. मोठ्या टायरसाठी चाकाच्या कमानीत जागाही होते.

प्रकार

* पाट्यांची लिफ्ट : मारुती जिप्सीसारख्या वाहनांत चारही चाकांना पाट्यांचे सस्पेन्शन असते. अधिक कमान असलेले पाटे बसवून किंवा संचात एखादा पाटा वाढवून उंची मिळवतात. जादा पाट्यामुळे वजन पेलण्याची क्षमता वाढते, परंतु रिकामे वाहन अधिक आदळते. लांब शॅकल हा स्वस्त पर्याय असला, तरी शॅकलच्या वाढीव लांबीच्या सुमारे निम्मीच उंची मिळते.
* कॉइल स्प्रिंगची लिफ्ट : अधिक उंचीच्या स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे लांब शॉक ॲबसॉर्बर बसवले जातात.
* स्पेसर : मूळ स्प्रिंगवर धातूची किंवा कठीण प्लॅस्टिकची चकती ठेवतात. खर्च कमी येतो. मात्र शॉक ॲबसॉर्बर मूळ लांबीचेच राहिल्यास चाक खाली जाण्याचा वाव घटतो.
* बॉडी लिफ्ट : सस्पेन्शनला हात न लावता चासी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे बसवतात. टायरला जागा मिळते, पण चासी होती तेथेच राहते. त्यामुळे हा प्रकार काटेकोर अर्थाने सस्पेन्शन लिफ्टमध्ये मोडत नाही.

परभणी जिल्ह्यातील स्थिती

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील परभणी जिल्ह्याची जमीन मुख्यतः काळी व खोल आहे. या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. पावसाळ्यात पाणंद रस्त्यांवर हा चिखल टायरच्या खाचांत गच्च भरतो. टायर गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरू लागतो. चाकोरी खोल होत जाते आणि अखेरीस आस मधल्या उंचवट्यावर टेकून वाहन रुतते. चासी कितीही वर असली, तरी आस तेवढाच खाली असल्याने केवळ लिफ्टमुळे हा प्रसंग टळत नाही. येथे रुंद खाचांचे टायर, हवेचा दाब मर्यादेत कमी करणे, चारचाकी चालन आणि डिफरेन्शियल लॉक यांचा उपयोग अधिक होतो. वाफसा येईपर्यंत शेतात वाहन न घालणे हा जुना नियम यंत्रांनाही लागू पडतो.

जिल्ह्याच्या उत्तरेस जिंतूर आणि दक्षिणेस गंगाखेड तालुक्यात डोंगराळ भाग आहे. तेथील दगडधोंडे, नाले आणि तीव्र चढ यांवर तळ आपटण्याचा धोका अधिक असल्याने माफक लिफ्ट उपयुक्त ठरू शकते.

दुष्परिणाम

लिफ्टमुळे गुरुत्वमध्य वर जातो आणि वाहन उलटण्याची शक्यता वाढते. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्म्यास गुरुत्वमध्याच्या उंचीने भागल्यास स्थैर्याचा निर्देशांक मिळतो. चाकांमधील अंतर १,५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ७०० मिलिमीटर असल्यास तो सुमारे १.०७ येतो, ही उंची ७५० मिलिमीटर झाल्यास तो १ वर उतरतो. शेतवाटेवर मंद गतीने चालताना हा फरक जाणवत नाही. महामार्गावर एकाएकी वळण घ्यावे लागल्यास तोच निर्णायक ठरू शकतो.

याशिवाय प्रोपेलर शाफ्टचे कोन वाढून त्याचे सांधे लवकर झिजतात, स्टिअरिंगची भूमिती बदलते आणि चाक खाली लोंबल्यावर ब्रेकची नळी ताणली जाऊ शकते. हेडलाइटचा झोतही वर जातो, म्हणून तो पुन्हा जुळवावा लागतो. टायरचा व्यास ५ टक्के वाढल्यास स्पीडोमीटरवर ताशी ६० किलोमीटर दिसत असताना प्रत्यक्ष वेग ६३ किलोमीटर असतो.

निवडीचे निकष

सामान्यतः गरज भागवणारी कमीत कमी उंची योग्य मानली जाते. सुमारे ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांपर्यंतच्या लिफ्टमध्ये इतर भागांत मर्यादित बदल करावे लागतात. त्यापुढे शाफ्ट, ब्रेकच्या नळ्या आणि स्टिअरिंगचे दुवे यांचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो. स्प्रिंगची निवड नेहमीच्या वजनावरून केली जाते : खतांची पोती किंवा कापूस वाहणाऱ्या वाहनाची गरज आणि केवळ प्रवासी नेणाऱ्या वाहनाची गरज भिन्न असते. वाहनाची मूळ क्षमताही विचारात घ्यावी लागते. उदाहरणार्थ, २०२० मध्ये बाजारात आलेल्या, नाशिक येथे तयार होणाऱ्या महिंद्रा थारच्या दुसऱ्या पिढीचा मूळ ग्राउंड क्लिअरन्सच २२६ मिलिमीटर आहे.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळतः नमूद केलेल्या तपशिलांपेक्षा नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील भिन्न ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात हे तत्त्व अधोरेखित केले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अनुज्ञेय नसलेल्या बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परभणी जिल्ह्यातील वाहनांची नोंदणी एमएच-२२ या संकेतांकाने होते. तेथील वाहनांनाही हा केंद्रीय कायदा लागू आहे.