कोणाची भूमिका कोणी करायची?

नट म्हणजे दुसऱ्याचे सोंग घेणारा. मग पात्र ज्या वंशाचे, त्याच वंशाचा नट हवा, असा आग्रह का धरला जातो? एका गाजलेल्या वादावरून हे समजून घेऊ.

‘मिस सायगॉन’ हे संगीत नाटक १९८९ साली लंडनमध्ये आले. त्यातला ‘इंजिनिअर’ अर्धा व्हिएतनामी, अर्धा युरोपियन. ही भूमिका जोनाथन प्राइस या गोऱ्या वेल्श नटाने केली. सुरुवातीला त्यांच्या पापण्यांवर कृत्रिम तुकडे चिकटवले जात, कातडीला रंग फासला जाई. नाटक न्यूयॉर्कला जायचे ठरले तेव्हा नाटककार डेव्हिड हेन्री ह्वांग आणि नट बी. डी. वाँग यांनी विरोध केला. ऑगस्ट १९९० मध्ये नटांच्या संघटनेने प्राइस यांना नकार दिला. निर्माते कॅमेरॉन मॅकिंटॉश यांनी प्रयोगच रद्द केला, तेव्हा काही दिवसांत संघटनेने माघार घेतली. १९९१ मध्ये नाटक ब्रॉडवेवर आले. प्राइस यांना टोनी पुरस्कारही मिळाला. मात्र त्यांच्यानंतर ब्रॉडवेवर ती भूमिका आशियाई वंशाच्या नटांकडे गेली.

एक बाजू म्हणते, कलेला वंश नसतो. दुसरी म्हणते, मग आशियाई नटाला गोऱ्याची भूमिका का देत नाही? दार एकाच बाजूने उघडत असेल, तर त्याला मोकळीक कशी म्हणायची?

आता आपल्याकडे पाहू. आगा हश्र काश्मिरी यांच्या ‘यहूदी की लडकी’ या पारशी रंगभूमीवरच्या नाटकावरून बिमल रॉय यांनी १९५८ साली ‘यहुदी’ चित्रपट काढला. त्यात यहुदी एझ्रा झाले पारशी सोहराब मोदी.  आणि आपले बेने इस्राएल डेव्हिड अब्राहम चेऊलकर ‘बूट पॉलिश’मध्ये ख्रिस्ती जॉन चाचा झाले; त्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ‘ज्याचे त्यानेच करावे’ हा नियम असता, तर जॉन चाचा त्यांच्या वाट्याला आलाच नसता.

म्हणून नुसता चेहरा पाहून निवाडा करू नये. दोन प्रश्न विचारावेत: संधी दोन्हीकडून मिळते का? आणि रंगवलेले पात्र माणूस वाटते की टिंगल?

घरी विचारा: आजी-आजोबांनी पडद्यावर पाहिलेला यहुदी त्यांना आपला वाटला होता का? उत्तर मराठीत चार ओळींत लिहून आणा.