रफूची लोकर आणि ट्राउटचा गळ

काश्मीरच्या सहलीहून परतलेली मंडळी दल सरोवराइतक्याच कौतुकाने तिथल्या ट्राउट माशाचे वर्णन करतात. हा मासा मूळचा काश्मीरचा नव्हे. १९०० साली विलायतेहून आणलेल्या अंड्यांतून तो तेथे वाढवला गेला. त्याला पकडण्याची विद्याही विलायतेचीच, आणि तिच्यात तार, पिसे, केस, लोकर यांचा असा काही पसारा असतो की एखाद्या गृहिणीच्या शिवणाच्या डब्याची आठवण व्हावी!

गळाला गांडूळ लावणे या शौकिनांना कमीपणाचे वाटते. ट्राउट जे किडे खातो त्यांची नक्कल गळावर बांधायची आणि त्याला चकवायचे, हा त्यांचा खेळ. या नकलेला ते सरसकट ‘माशी’ म्हणतात. मग ती माशीची असो वा नसो.

दक्षिण इंग्लंडमध्ये खडूच्या टेकड्यांतून झिरपलेल्या पाण्यावर वाहणाऱ्या नद्या आहेत. पाणी थंड, नितळ आणि भरपूर चुना असलेले. कवच घडवायला चुना लागतो. म्हणून तिथल्या पाणवनस्पतींत आपल्या जवळ्याची आठवण करून देणारा एक जीव अमाप असतो. शास्त्रीय नाव गॅमॅरस. इंग्रज त्याला श्रिंप म्हणतात, अमेरिकन ‘स्कड’. लांबी फार तर दोन सेंटिमीटर; रंग राखी-हिरवट, आणि अंग असे की आतून उजेड झिरपावा. ट्राउटचे मांस गुलाबी होते तेही असलेच जीव खाऊन.

खरी मेख आहे ती या झिरपत्या उजेडात. सशाच्या कानाचे केस हातात घेतले तर अगदी तोच रंग दिसतो. पाण्यात बुडताच ते गडद होतात. मासा मात्र आपली वस्तू कोरडी कधीच पाहत नाही!

विल्टशायरमधील नेदरएव्हन येथे एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचा राखणदार होता. ट्राउट सांभाळणे हे त्याचे काम. आणि ट्राउटच्या घासात वाटेकरी होणारा ग्रेलिंग मासा कमी करणे हेही त्याच्याच गळ्यात. त्यासाठी त्याने जो किडा बांधला त्याचे साहित्य ऐकून वाचक भगिनींना हसू येईल. गळावर तांब्याची बारीक तार गुंडाळायची, तिच्यावर लोकरीचे थर द्यायचे, आणि त्याच तारेने शेवट बांधायचा. पीस नाही, दोरा नाही. तारेने वजन येते आणि किडा तळाशी जातो. लोकर कोणती? तर मोजे रफू करण्यासाठी मिळणारी चॅडविकची, क्रमांक ४७७! कोरडी असता फिकट, मातकट, कुणी वळूनही पाहू नये अशी. भिजली की आतल्या तांब्याची लाली वर येते आणि सबंध किड्यावर गुलाबी झाक चढते. ‘किलर बग’ या नावाने तो प्रसिद्ध झाला, आणि ग्रेलिंगइतकेच ट्राउटही त्याला भुलले.

गुलाबी-नारिंगी रंगाचे हे वेड निराधार नाही. मेलेला स्कड नारिंगी होतो. शिवाय एक काटेरी डोक्याचा कृमी त्याच्या अंगात शिरतो. कवचातून तो नारिंगी ठिपक्यासारखा दिसतो. या कृमीला पुढचे आयुष्य माशाच्या आतड्यात काढायचे असते. म्हणून की काय, बाधा झालेला स्कड अंधारात दडण्याऐवजी उजेडाकडे धावतो आणि आयताच माशाच्या तोंडी जातो. कित्येक शौकीन राखी अंगाच्या मधोमध नारिंगी लोकरीचा एकच वेढा देतात, तो याचसाठी.

पुढे ४७७ क्रमांकाची लोकर निघेनाशी झाली. तेव्हापासून जुन्या शिल्लक मालासाठी शौकिनांची धडपड चालू आहे, आणि एकेकाळच्या त्या स्वस्त रफूच्या लोकरीला डोळे पांढरे होतील असे मोल येते. इतरांनी पर्याय शोधले. पारख अगदी सोपी आहे: तांब्याच्या तारेवर लोकरीचे दोन वेढे द्यावेत, पेलाभर पाण्यात बुडवावे आणि पेला खिडकीकडे धरावा. आतली तार किंचित जाणवली तर लोकर घ्यावी; नुसताच काळा गोळा दिसला तर ती मोज्यांसाठी ठेवावी.