विश्लेषण : छत हलके, तरी घर सुसह्य... कोंडलेली हवा हे कसे साधते?

उन्हाळ्यात नांदेडचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा गोदावरीकाठच्या विष्णुपुरीसारख्या शहरालगतच्या भागात पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही. तीच घरे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गारठतात. मराठवाड्यातील जुनी माळवदाची घरे दोन्ही ऋतूंत सुसह्य असत. पण किल्लारीच्या भूकंपाने जड छताचा धोका दाखवून दिला. छत हलकेही हवे आणि घर सुसह्यही, हे कोडे साधी हवा बरेचसे सोडवू शकते. अट एवढीच, की ती जागची हलता कामा नये.

हवा उष्णता कशी अडवते?

उष्णता नेहमी गरम बाजूकडून थंड बाजूकडे जाते. घन पदार्थातून ती सहसा लवकर पुढे सरकते. हवेचे रेणू मात्र विरळ असल्याने हवेतून ती फार सावकाश जाते. स्थिर हवेशी तुलना केली तर पाणी सुमारे २४ पट, काँक्रीट ५० पटींहून अधिक आणि पोलादी पत्रा जवळपास दोन हजार पट वेगाने उष्णता वाहून नेतो.

मग हवेने भरलेली खोली का तापते?

कारण मोकळी हवा फिरते. गरम झालेली हवा वर जाते, थंड खाली येते आणि या फेऱ्यांबरोबर उष्णताही वाहून नेली जाते. हवा लहान लहान कप्प्यांत कोंडली, की हे फिरणे थांबते. वाकळ ऊब देते ती याच कारणाने. कापडाच्या थरांमध्ये अडकलेली हवा अंगातील उष्णता बाहेर जाऊ देत नाही. दबलेली गादी-रजई पिंजून घेतली की पुन्हा उबदार होते, तीही कापूस फुलून त्यात हवा भरल्यामुळे. थर्माकोलमध्ये तर सुमारे ९८ टक्के हवाच असते.

माळवदात हेच घडत होते का?

काही प्रमाणात. मातीच्या कणांमध्ये हवा असतेच. पण माळवदाची खरी ताकद त्याच्या जाडीत आणि वजनात होती. दिवसभराचे ऊन शोषायला मातीला कित्येक तास लागत, त्यामुळे दुपारी घर थंड राही. मात्र दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर फूटभर मातीचा थर म्हणजे सुमारे पाच टन वजन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात जमीन हादरली, तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि असे जड छत झोपेतील माणसांवर कोसळले. हजारोंचा बळी गेला. याउलट एक घनमीटर हवेचे वजन जेमतेम सव्वा किलो भरते.

पत्र्याचे घर का तापते, का गारठते?

पत्रा पातळ असतो आणि त्यात हवेचा थरच नसतो. ऊन वर पडताच तो तापतो आणि खालच्या बाजूने खोलीत उष्णता फेकू लागतो. रात्री उलटे घडते. निरभ्र आकाशाकडे उष्णता सोडून पत्रा झपाट्याने थंड होतो आणि घरातील ऊब ओढून घेतो. हिवाळ्यात पहाटे पत्र्यातून टपकणारे पाणी ही नेहमी गळती नसते. घरातील बाष्प थंड पत्र्यावर जमून त्याचे थेंब झालेले असतात.

मग उपाय कोणता?

पत्र्याखाली काही इंच अंतर सोडून हलके, पक्के बसवलेले दुसरे छत केले, की मध्ये हवेचा थर तयार होतो. उन्हाळ्यात उष्णता वरून खाली येते. गरम हवा वरच थांबत असल्याने हा थर फारसा फिरत नाही. तरीही तापलेला पत्रा किरणांवाटे उष्णता पाठवतोच. त्यासाठी दुसऱ्या छताच्या वरच्या बाजूस चकचकीत ॲल्युमिनियमचा पापुद्रा उपयोगी पडतो. हिवाळ्यात खोलीतील ऊब वर चढते आणि मोकळ्या पोकळीत हवा फिरू लागते. तेव्हा पोकळीत काचलोकर किंवा थर्माकोल असल्यास अधिक फायदा होतो. भिंतींसाठी हवेचे असंख्य बुडबुडे असलेले एएसी ब्लॉक मिळतात. त्यांचे वजन विटेच्या जवळपास एक-तृतीयांश असते.

काळजी कोणती घ्यावी?

पहिली, ओल. कप्प्यांत हवेऐवजी पाणी शिरले की सारा उपयोग संपतो, म्हणून गळती आधी बंद करावी. दुसरी, आग. पत्र्यावर टाकलेल्या तुराट्या किंवा पाचट सावली देतात आणि हवाही अडकवतात. पण ठिणगीने पेटतात. साधा थर्माकोलही लवकर पेटतो, त्यामुळे चूल आणि उघड्या वायरींपासून तो दूर हवा. तिसरी, धूर. थंडी अडवण्यासाठी फटी बुजवताना चुलीच्या धुराची वाट कधीही बंद करू नये.

सगळे एकदम जमत नसेल, तर सुरुवात छतापासून करावी. उन्हाळ्यात दिवसभर माथ्यावरचे ऊन झेलते ते छतच, आणि रात्री आकाशाकडे सर्वाधिक ऊबही तेच गमावते.